लॉकबॅक चाकूचं पातं हलतंय? आधी दिशा बघा

लॉकबॅक, म्हणजे उघडल्यावर पातं मुठीच्या पाठीतल्या लॉकने धरून ठेवणारा घडीचा चाकू, माझ्याकडे दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत बहुतेक एकच वाक्य येतं: "पातं सैल झालंय, स्क्रू आवळून द्या." मी स्क्रूड्रायव्हर लगेच उचलत नाही. आधी पातं उघडते, लॉक बसू देते आणि ते कुठल्या दिशेला हलतंय ते बघते. डावी-उजवीकडे हलत असेल तर स्क्रू आवळणं हा उपाय असू शकतो. वर-खाली हलत असेल तर त्या स्क्रूचा दोषाशी जवळजवळ काही संबंध नसतो. तरी लोक आवळतात. आवळल्यावर पातं इतकं घट्ट होतं की हालचाल जाणवेनाशी होते, आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात वॉशर घासले जातात, पातं उघडायला जड होतं आणि दोष होता तिथेच राहतो.

लॉक पात्याला कसं धरतं

लॉकबॅकच्या मुठीच्या पाठीत एक लांबट पोलादी पट्टी असते. ती एका आडव्या पिनवर टेकलेली असते, म्हणून एक टोक दाबलं की दुसरं उठतं. पुढच्या टोकाला खाली वळलेला दात असतो आणि मागच्या टोकाखाली स्प्रिंग. स्प्रिंग मागचं टोक वर रेटते, त्यामुळे दात पात्याच्या बुडावर, म्हणजे मुठीत बसलेल्या टोकावर, कायम दाबलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की बुडात कोरलेली खाच दाताखाली येते आणि दात 'टक्' करून आत पडतो. १९६४ साली आलेल्या बक ११० या चाकूमध्ये पट्टी दाबायची जागा मुठीच्या अगदी शेवटी आहे. स्पायडरको कंपनीच्या डेलिका आणि एंड्युरा या चाकूंमध्ये ती मुठीच्या मध्याजवळ आहे. आतलं काम दोन्हीकडे तेच.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं निदान यावर उभं आहे. हा एकच दात पात्याला दोन्ही दिशांनी अडवतो. पात्याच्या पाठीवर दाब आला, म्हणजे पातं मिटायला बघतंय, तर खाचेची मागची भिंत दाताला पुढे ओढते. धारेवर दाब आला तर खाचेची पुढची भिंत त्याला मागे ढकलते. दोन्ही वेळा जोर दातातून पट्टीत, पट्टीतून तिच्या पिनवर आणि तिथून मुठीत जातो. म्हणजे वर-खाली हलायला जागा तीनच ठिकाणी मिळू शकते: पातं ज्यावर फिरतं तो पिव्हट, दात आणि खाच यांची बैठक, आणि पट्टीची पिन. यातला पिव्हटचा स्क्रू पात्याला फक्त दोन्ही बाजूंनी दाबतो. दात खाचेत किती घट्ट बसावा हे त्याच्या हातात नाही.

चांगल्या बनवलेल्या खाचेच्या भिंती तळाकडे किंचित अरुंद होत जातात आणि दात त्यांच्यामध्ये पाचरीसारखा बसतो. त्यासाठी दाताच्या खाली, खाचेच्या तळाशी, थोडी पोकळी शिल्लक लागते. दात तळालाच टेकला तर तो भिंतींमध्ये आवळला जात नाही, आणि पातं हलायला लागतं.

एक हिशेब मनात ठेवा. पिव्हटपासून दातापर्यंतचं अंतर समजा ८ मिलिमीटर आहे आणि पात्याचं टोक ८० मिलिमीटर लांब आहे. दातापाशी ०.०५ मिलिमीटरची फट असेल तर टोक अर्धा मिलिमीटर हलेल. दिसायला ते खूप वाटतं. म्हणून टोक किती हललं एवढ्यावरून घाबरू नका.

तपासणी

धारेवर आणि टोकावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. हे टाळून पुढचं काहीच करू नका, कारण यातल्या प्रत्येक पायरीत हात पात्याजवळ असतो. पातं उघडा, लॉक बसल्याचा आवाज ऐका. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. पातं मिटून ज्या फटीत जातं तिच्यावर एकही बोट ठेवू नका. लॉक सुटलंच तर पातं रिकाम्या फटीत जायला हवं.

दुसऱ्या हाताने पात्याची पाठ टोकाकडच्या तिसऱ्या भागात धरा आणि हळूच डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. जोर लावायची गरज नाही. डोळे टोकाकडे न ठेवता बोल्स्टर (मुठीच्या पुढच्या टोकाचा धातूचा भाग) आणि पात्याचं बूड जिथे मिळतात त्या सांध्याकडे ठेवा. जमलं तर अंगठ्याचं टोक त्या सांध्यावर टेकवा. डोळ्यांना न दिसणारी हालचाल तिथे बोटाला कळते.

पातळ पातं बाजूला लवतं, ते लवणं वेगळं. पोलाद लवतं तेव्हा पहिल्या क्षणापासून विरोध जाणवतो आणि तो वाढत जातो. प्ले, म्हणजे सांध्यातला मोकळेपणा, असेल तर सुरुवातीला काहीच विरोध नसतो, पातं मोकळं सरकतं आणि मग कशाला तरी जाऊन अडकतं. हलक्या हाताने दोन्ही दिशांना हलवलं तर तो बारीक 'टिकटिक' धक्का स्पष्ट लागतो. लांब, पातळ पात्यांचे चाकू 'सैल' म्हणून येतात तेव्हा कितीदा तरी सांधा जागचा हललेला नसतो. लवत असतं ते पातंच.

पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची सवय काहींना असते. ती सोडा. आपटल्याने दाताच्या आणि खाचेच्या कडा चेपतात, म्हणजे नसलेला प्ले तयार होतो, आणि लॉक कच्चं असेल तर ते नेमकं बोटांशेजारी सुटतं. बोटं वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर हाताने सावकाश वाढवत नेलेला दाब पुरेसं सांगतो.

डावी-उजवीकडे हलत असेल तर

हे सोपं प्रकरण आहे. आधी मुठीचे बाकीचे स्क्रू बघा, पिव्हट नंतर. मुठीच्या दोन बाजू एकमेकींपासून जरा उघडल्या असतील तर पिव्हट कितीही आवळला तरी पातं हलतं. बहुतेक चाकूंना टी-६, टी-८ किंवा टी-१० मापाचा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा, बिट लागतो. खाचेत अडकलेली घाण टूथपिकने काढा, बिट पूर्ण आत बसवा आणि मगच फिरवा. अर्धवट बसलेल्या बिटने स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. स्क्रू हलतच नसेल तर जोर वाढवू नका. बहुधा आत थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, सुकलेलं असतं. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवलं की ते मऊ पडतं. मूठ प्लास्टिकची असेल तर थोडं-थोडं तापवा.

पिव्हट एका वेळी आठवा भाग फेरीच आवळा, म्हणजे ४५ अंश. मग तपासा, परत थोडा. स्क्रूची मागची बाजूही सोबत फिरत असेल तर तिकडे दुसरा बिट लावून धरा.

किती आवळायचं हे ठरवताना लॉकबॅकमध्ये एक अडचण येते. पट्टीचा दात बुडावर सतत घासत असतो, त्यामुळे पातं जड चालतं ते पिव्हटमुळे की स्प्रिंगमुळे हे कळत नाही. म्हणून पट्टी पूर्ण दाबून धरा आणि पातं अर्ध्यावर हलवून बघा. दात वर उठलेला असला की उरलेला विरोध फक्त पिव्हटचा असतो. टेप लावलेलीच ठेवा, कारण या वेळी पातं मोकळं पडू शकतं. मला हवी असते ती जागा अशी: पट्टी दाबलेली असताना पातं सहज फिरावं आणि लॉक बसल्यावर बाजूला हलू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नसतील तर वॉशर झिजलेले किंवा वाकलेले असतात. फॉस्फर ब्राँझचे वॉशर बरेच टिकतात. नायलॉनचे दबून पातळ होतात आणि बदलावे लागतात.

जागा सापडली आणि स्क्रू परत-परत सुटत असेल तर थ्रेडलॉकर लावा. इतक्या लहान स्क्रूला जांभळं, म्हणजे लॉकटाइट २२२, पुरतं. निळं, म्हणजे २४२ किंवा २४३, चालतं. लाल नको, ते काढायला बरीच उष्णता द्यावी लागते. स्क्रूचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा, टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच थेंब आट्यांना लावा आणि २४ तास चाकू तसाच ठेवा. थेंब वॉशरपर्यंत गेला तर पातं चिकटेल. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या मुठीवर थ्रेडलॉकर सांडू देऊ नका, त्याने बारीक तडे जातात.

वर-खाली हलत असेल तर

इथे वेळ घाला. सर्वांत आधी चाकूच्या पाठीवरून, पट्टी आणि पात्याचा सांधा डोळ्यांच्या पातळीत धरून बघा. पातं उघडं आणि लॉक बसलेलं असावं. पट्टीचं पुढचं टोक पात्याच्या पाठीशी सपाट मिळतं का? ते वर राहिलेलं असेल आणि मागचं टोक मुठीत थोडं खाली गेलं असेल, तर दात पूर्ण आत उतरलेला नाही. खाचेत काहीतरी आहे. उलट पुढचं टोक खाली बुडालं असेल आणि मागचं वर आलं असेल, तर दात किंवा खाच झिजून दात जास्त खोल जातोय. काही चाकूंची पट्टी नवीन असतानाही सपाट नसते. म्हणून नवा चाकू हातात आला की त्या सांध्याचा जवळून एक फोटो काढून ठेवा. पुढे तुलनेला तोच कामी येतो.

दात वर राहिला असेल तर खाच साफ करा. माझ्या टेबलावर वर-खाली प्ले घेऊन आलेल्या चाकूंपैकी फार मोठ्या भागाचं दुखणं एवढंच असतं. खिशातले धाग्यांचे तंतू, धूळ आणि जुनं तेल खाचेत जमतं. पातं उघडताना प्रत्येक वेळी दात त्यावर आपटतो आणि ते मिश्रण तळाशी ठोकून बसवतो. टॉर्चच्या उजेडात ते थर म्हणून दिसतच नाही, खाचेचा तळच वाटतो. पातं अर्ध्यावर आणून खाच उघडी करा आणि लाकडी टूथपिकचं टोक चपटं कापून कोपऱ्यातून खरवडा. करडी, वाळलेल्या कागदासारखी कपची निघते, आणि तिच्या एका बाजूला दाताच्या टोकाचा सपाट ठसा असतो. तो ठसा पाहिला की निदान पक्कं झालं. पोलादी सुई वापरू नका, भिंतींवर ओरखडे पडतात.

मग दातावरची घाण. पट्टी दाबून धरा, दात आणि त्याच्या मागचा कोपरा जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने घासा. प्लास्टिकची मूठ आणि स्टेनलेसचं पातं असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड सगळ्यात छान काम करतं; नंतर आतून पूर्ण वाळवायला मात्र हवं. लाकडी मूठ किंवा कार्बन स्टील असेल तर पाणी नको. डब्ल्यूडी-४०ने घाण सुटते, पण ते टिकणारं तेल नाही. त्याने धुतलं तर पुसून काढा आणि पिव्हटला वेगळं तेल द्या, एकच थेंब. खाचेत आणि दाताच्या कडांवर जाड तेल किंवा ग्रीस घालू नका. तिथे तेल राहिलं की पुन्हा धूळ धरली जाते.

साफ केल्यावर परत तपासा. हलणं गेलं असेल तर काम झालं, चाकू खोलायची गरज नाही.

अजून हलत असेल तर फट तीनपैकी कुठल्या ठिकाणी आहे ते शोधा. त्यासाठी मी एक साधी युक्ती करते. मुठीच्या वरच्या कडेला, पट्टीच्या पिनेजवळ, बारीक टोकाच्या मार्करने एक सरळ उभी रेघ ओढते, अशी की ती मुठीवरून पट्टीवर सलग जाईल. दुसरी तशीच रेघ पट्टी आणि पात्याच्या बुडाच्या सांध्यापाशी, मुठीपासून बुडापर्यंत. मग भिंगाखाली बघत पातं वर-खाली हलवते. पहिली रेघ तुटली, म्हणजे पट्टीवरचा भाग मुठीच्या भागापासून पुढे-मागे सरकला, तर पट्टीची पिन किंवा तिचं भोक सैल आहे. पट्टी जागच्या जागी राहिली आणि फक्त बुडावरची रेघ हलली तर फट दात आणि खाचेत आहे. पिव्हटचं भोक मोठं झालं असेल तर बूड एका बिंदूभोवती फिरत नाही, ते पूर्णच सरकतं. बोल्स्टरच्या पुढच्या कडेपाशी हे सगळ्यात चांगलं दिसतं. रेघ नंतर अल्कोहोलने पुसून जाते. चकचकीत नसलेल्या लाकडावर मात्र थेट रेघ ओढू नका, टेपचा तुकडा लावून त्यावर ओढा.

दात-खाचेची बैठक कशी आहे हेही मार्करने कळतं. दाताच्या पुढच्या, मागच्या आणि खालच्या बाजूला रंग लावा, वाळू द्या, लॉक पाच-सहा वेळा बसवा, वर-खाली जरा दाब द्या आणि बघा रंग कुठे उडाला. पुढच्या-मागच्या बाजूंवर रुंद पट्टा उडाला तर बैठक चांगली आहे. फक्त एका कोपऱ्यात ठिपका उडाला तर दात तिरका टेकतोय. खालच्या बाजूचा रंग उडाला असेल तर दात तळाला लागतोय, आणि साफ करूनही तसंच राहत असेल तर त्या चाकूत पाचर बसायला जागाच उरलेली नाही.

आता सगळ्यात कठीण सल्ला: हे कळल्यावर कानस उचलू नका. दातावरून किंवा खाचेतून काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. ०.०५ मिलिमीटरचा हिशेब वर केलाच आहे. कानशीचा एक हात त्याहून जास्त घेऊन जाऊ शकतो. शिवाय भिंतीचा कोन किंचित चुकला तर दाब आल्यावर दात बाहेर ढकलला जातो, आणि मग चाकू हलत नाही पण मिटतो. झिजलेला दात, सैल पिन किंवा मोठं झालेलं भोक असेल तर चाकू बनवणाऱ्या कंपनीच्या वॉरंटीकडे पाठवा. पाठवण्याआधी तिच्या अटी वाचा, कारण काही ठिकाणी चाकू खोलला की वॉरंटी जाते.

खोलावंच लागलं तर आधी प्रत्येक पायरीचा फोटो काढा. लॉकबॅकची स्प्रिंग ताणलेली असते, आणि परत जोडताना ती दाबून धरत तीन भोकं एका रेषेत आणावी लागतात. पिनच्याच जाडीची, टोक निमुळतं केलेली तात्पुरती पिन आधी घालून मग खरी पिन तिच्या मागून ढकलली तर ते जमतं.

रिव्हेट असलेले चाकू

बक ११०च्या नेहमीच्या रूपात पिव्हटला स्क्रू नाही. पिन दोन्ही बाजूंनी ठोकून पितळी बोल्स्टरमध्ये सपाट केलेली असते. असा चाकू बाजूला हलायला लागला तर पिनचं डोकं पुन्हा पसरवावं लागतं. पिनची एक बाजू छोट्या ऐरणीवर टेकवा, दुसऱ्या बाजूवर गोल डोक्याच्या हलक्या हातोडीने बारीक टोले द्या, पिनच्या कडेकडे, मध्यावर नाही. चार-पाच टोल्यांनंतर तपासा, मग चाकू उलटा करा. बूड आणि बोल्स्टरमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ०.०५ मिलिमीटर जाडीची पाती सरकवून ठेवली तर सांधा जाम होत नाही. नंतर पिनची जागा बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. व्हाइसमध्ये बोल्स्टर आवळायचा सोपा मार्गही लोक घेतात. जबड्यांना चामडं लावून आणि फक्त बोल्स्टरवर दाब देऊन तो चालतो, पण दाब लाकडावर गेला तर मूठ चिरते. वर-खाली प्ले यातल्या कशानेच जात नाही.

किती हललेलं चालेल

लॉकबॅकमध्ये तीन जोडांच्या मापांतली बारीक तफावत एकत्र येते, त्यामुळे जोर लावल्यावर वर-खाली अगदी किंचित हालचाल जाणवणं हे या लॉकच्या बांधणीतच आहे. कोल्ड स्टील कंपनीच्या चाकूंसाठी अँड्र्यू डेम्को यांनी केलेल्या ट्राय-ॲड लॉकमध्ये बूड आणि पट्टीच्या मध्ये एक जाड पिन घातली आहे. भाराचा मोठा वाटा ती पिन मुठीकडे नेते आणि झीज होत गेली तरी दात नवी जागा धरतो. त्या चाकूंमध्ये प्ले कमी का असतो याचं उत्तर तिथे आहे. पण साध्या लॉकबॅकलाही नुसत्या हालचालीवरून मी बाद करत नाही. नव्या चाकूत तर कडा घासून जुळल्या की दात थोडा खोल बसतो आणि हलणं कधी-कधी आपोआप कमी होतं.

बाद करते ते या तीन कारणांनी. फोटोशी तुलना करता हलणं वाढत चाललंय. साफ करूनही दात कधी पूर्ण पडतो, कधी अर्धवट राहतो. किंवा पाठीवर हाताने दाब वाढवत नेताना पट्टीचं पुढचं टोक वर उठताना दिसतं. शेवटची गोष्ट दिसली की तो चाकू त्याच क्षणी कामातून काढा.

एक तपासणी मात्र चाकूपेक्षा हाताची आहे. मूठ कामाच्या वेळी धरता तशी घट्ट आवळा आणि तळहात पट्टीच्या दाबायच्या जागेवर येतो का बघा. येत असेल तर दात जोर लागताच वर उठू शकतो, लॉक कितीही चांगलं असलं तरी. यासाठीच बऱ्याच चाकूंच्या पट्टीला त्या जागी अर्धगोल खोबण दिलेली असते. डेव्हिड बॉय या चाकू बनवणाऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते. तुमच्या चाकूला ती नसेल आणि तळहात तिथे येत असेल, तर मूठ बोटभर पुढे धरा.